अन्नपूर्णा, अजिंठा आणि एक परग्रहवासी

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाशी माझं फारसं सख्य नाही. तरीही यंदा अंकाच्या मराठी विभागात माझी वर्णी लागली. कारण अगदी साधं आहे, मीटिंगला वेळेवर पोचलेली मी एकटीच होते. मराठीचा संपादक मराठीत नापास होता होता वाचलेला असावा, हाही एक विनोदच. पण या लेखात सांगायचेत ते विनोद वेगळे आहेत.

तर झालं असं. संक्रांत उलटून गेल्यावर मी मॅटरचा गठ्ठा घेऊन आपल्या अंकाची पानं लावणाऱ्या डी.टी.पी. काकांकडे गेले. ‘वीस वर्षांपूर्वीच्या अंकातून’ या सदरासाठी एक जुनं पान हवं होतं. ते होतं कोपऱ्यातल्या जुनाट मॅक कॉम्प्युटरवर, क्वार्क एक्सप्रेस नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये. काकांनी पान उघडलं. त्यातली एक फोटोची चौकट काढून टाकायची होती. मी म्हटलं, “काका, डिलीट करा ना.”

काका म्हणाले, “थांबा संपादक मॅडम, एक गंमत बघा.” त्यांनी चौकटीवर क्लिक केलं आणि कमांड, ऑप्शन, शिफ्ट आणि के अशी चार बटणं एकदम दाबली. स्क्रीनवर एक बुटका परग्रहवासी चालत आला, त्याने बंदूक रोखली, किरण सोडला, आणि चौकट भस्म!

मी खुर्चीतून पडायचीच बाकी होते. काका मात्र शांत. म्हणाले, “रात्री दोन वाजता पान लागत नसलं की आमची एवढीच करमणूक.”

हॉस्टेलवर परत येताना एकच विचार डोक्यात होता. एवढ्या गंभीर धंद्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हा प्राणी कुणी घातला? आणि कशाला? मग सबमिशन बाजूला ठेवून मी शोधाशोध केली. (सरांनी हे वाक्य वाचू नये.) जे सापडलं ते पुढे मांडते.

बारशाआधीचं नाव

आधी दोन गोष्टी वेगळ्या करूया. एक म्हणजे सांकेतिक नाव, ज्याला आपण कोडनेम म्हणतो. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती तयार व्हायला महिनोन्‌महिने लागतात. बाजारात ती कुठल्या नावाने जाणार ते मार्केटिंगवाले शेवटी ठरवतात. तोवर टीमला तिला काहीतरी म्हणायला हवंच, आणि बाहेर कुणाला पत्ता लागायला नको. बारसं होईपर्यंत घरात बाळाला ‘चिंटू’ नाहीतर ‘बबडी’ म्हणतात ना, तसंच हे.

दुसरी गोष्ट म्हणजे लपवलेली गंमत. तिला ‘ईस्टर एग’ म्हणतात. आमच्या शाळेत ईस्टरला सिस्टर्स बागेत रंगीत अंडी लपवून ठेवायच्या आणि आम्ही ती शोधत धावायचो. सॉफ्टवेअरमध्येही तसंच आहे. मेनूत नाही, मॅन्युअलमध्ये नाही, पण ठरावीक बटणं दाबली की बाहेर येतं. हे नाव पडलं ते अटारी कंपनीच्या ‘ॲडव्हेंचर’ या व्हिडिओ गेममुळे. १९८० च्या सुमाराचा हा गेम वॉरन रॉबिनेट या प्रोग्रॅमरने एकट्याने लिहिला. पण गेमवर प्रोग्रॅमरचं नाव टाकायची त्या वेळी कंपनीत पद्धत नव्हती. रॉबिनेटने काय करावं? त्याने गेममध्ये एक गुप्त खोली बांधली. तिथे जायला जेमतेम एका पिक्सेलचा, पार्श्वभूमीच्याच रंगाचा ठिपका शोधावा लागायचा. आणि खोलीत काय होतं? फक्त त्याचं नाव.

हे वाचलं आणि मी जरा थबकले. म्हणजे ही नुसती मस्करी नाही. ज्याचं नाव कुठेच छापलं जाणार नाही, त्याने केलेली ती सही आहे.

डोंगर चढणारी मंडळी

आता छपाईकडे वळू. क्वार्क एक्सप्रेस अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात तयार झालं आणि १९८७ मध्ये बाजारात आलं. १९९० च्या दशकात मोठमोठ्या मासिकांची पानं त्यातच लागायची, त्यामुळे आपला परग्रहवासीही जगभर फिरला. एक लक्षात घ्या, तो काही बिघडवत नाही. डिलीटच्या बटणाने जे होतं तेच त्याच्या बंदुकीने होतं. फक्त जरा नाटकी पद्धतीने.

क्वार्कला टक्कर द्यायला ॲडोबी कंपनीने ३१ ऑगस्ट १९९९ रोजी इनडिझाइन आणलं. त्याची जन्मकथा गमतीची आहे. कामाची सुरुवात झाली होती सिएटलच्या आल्डस कंपनीत. ही पेजमेकर वाली कंपनी. १९८५ मध्ये पेजमेकर, ॲपलचा लेझरवायटर प्रिंटर आणि ॲडोबीची पोस्टस्क्रिप्ट भाषा असे तिघे एकत्र आले आणि टेबलावर बसून पान लावायचा धंदा, म्हणजे आपलं डी.टी.पी., सुरू झालं. आल्डस हे नाव व्हेनिसच्या आल्डस मॅन्युटियस या मुद्रकाचं. त्याच्याच छापखान्यातून १५०१ मध्ये तिरप्या अक्षरातलं, म्हणजे इटालिकमधलं, पहिलं पुस्तक निघालं. ॲडोबी हे नाव मात्र कुणा थोर माणसाचं नाही. संस्थापक जॉन वॉर्नॉक यांच्या घरामागून वाहणाऱ्या ओढ्याचं ते नाव.

तर आल्डसमध्ये या नव्या सॉफ्टवेअरला ‘शक्सन’ म्हणत. सिएटल ज्या वॉशिंग्टन राज्यात आहे तिथला हा एक डोंगर. १९९४ मध्ये ॲडोबीने आल्डस विकत घेतली आणि पुढे डोंगर बदलला, नाव झालं ‘के-टू’. जपानी भाषेच्या आवृत्तीला जपानमधल्या ‘होताका’ पर्वताचं नाव मिळालं. १.५ ही आवृत्ती ‘शेर्पा’ होती. जानेवारी २००२ मध्ये आलेल्या २.० चं नाव होतं ‘अन्नपूर्णा’.

मला तर हसूच आलं. आपल्या मेसच्या भिंतीवर जिची तसबीर आहे तीच अन्नपूर्णा! त्यांच्या मनात हिमालयातलं शिखर असणार. पण आपण मराठी माणसं ‘अन्नपूर्णा’ म्हटलं की आधी वरण-भातच आठवणार. बिचाऱ्या टीमलाही रात्री-बेरात्री तोच आठवत असेल.

पुढे इनडिझाइनमध्येही एक परग्रहवासी लपवला गेला. प्रिंटच्या सेटिंगला इंग्रजीत ‘फ्रेंडली एलियन’ असं नाव देऊन सेव्ह करायचं, मग प्रिंटच्या खिडकीत पानाचं छोटं चित्र दिसतं त्यावर क्लिक करायचं. क्वार्कच्या परग्रहवाशाला दिलेला हा रामरामच म्हणायचा. बाजारात हाडवैर, आणि आत प्रोग्रॅमर लोकांचा असा दोस्ताना.

मांजर, जादूगार आणि अजिंठा

फोटोशॉपची टीम गाण्याबजावण्यातली दिसते. १९९४ च्या ३.० चं नाव ‘टायगर माउंटन’. ब्रायन ईनो या संगीतकाराच्या एका अल्बमच्या नावातून ते आलं. १९९६ च्या ४.० चं नाव ‘बिग इलेक्ट्रिक कॅट’, २००० च्या ६.० चं ‘व्हीनस इन फर्स’. २.५ ही आवृत्ती जादूगार मर्लिनच्या नावाने तयार झाली होती. त्यानंतर अनेक आवृत्त्यांमध्ये, लेयर्सच्या खिडकीतला पॅलेट ऑप्शन्स हा पर्याय ऑल्ट दाबून निवडला की एक चौकट उघडायची आणि मर्लिन अजून जिवंत असल्याचं सांगायची. कॉलेजच्या लॅबमध्ये जुनं फोटोशॉप असेल तर कंट्रोल दाबून ‘अबाउट फोटोशॉप’ उघडून बघा, नेहमीच्या चित्राऐवजी सांकेतिक नावाचं गुप्त चित्र समोर येतं.

पी.डी.एफ. तर आपण रोज वापरतो, नोट्सच्या कृपेने. तिची कल्पना वॉर्नॉक यांनी १९९१ मध्ये ‘कॅमेलॉट’ या नावाने मांडली. सॉफ्टवेअर तयार होत असताना त्याला ‘कॅरोसेल’ म्हणत. १९९३ मध्ये ते ‘ॲक्रोबॅट’ नावाने बाजारात आलं. पण जुन्या मॅकवर प्रत्येक सॉफ्टवेअरची चार अक्षरांची खूण असायची आणि ॲक्रोबॅटची खूण सी, ए, आर, ओ अशीच राहिली. बारसं झालं तरी घरातलं नाव सुटलं नाही.

चित्रं काढायच्या इलस्ट्रेटरची नावं म्हणजे ६.० पोपाय, ७.० सिंबा, ८.० एल्व्हिस, ९.० मातीस. आणि २०१० मध्ये आलेल्या सी.एस. ५ चं सांकेतिक नाव काय? ‘अजिंठा’!

आपली अजिंठा! आठवीच्या सहलीत आम्ही तिथे गेलो होतो. आमचं सगळं लक्ष डब्यांकडे होतं, पण गाइडने सांगितलेली एक गोष्ट डोक्यात राहून गेली. शेकडो वर्षं त्या भिंती रंगवणाऱ्या चित्रकारांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. पण १८१९ मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यात चित्रावरच स्वतःचं नाव खरवडून ठेवलं, ते अजून आहे. ज्यांनी चित्रं काढली ते बिननावाचे, आणि जो नुसता बघायला आला त्याचं नाव टिकलं.

सीतारामन यांचा पंखा

म्हणून मला फोटोशॉपची एक पद्धत आवडते. फोटोशॉप सुरू होताना जे चित्र दिसायचं त्यावर ते बनवणाऱ्यांची नावं असायची. त्यात थॉमस आणि जॉन नोल या मूळ जनक भावांइतकंच एक नाव आपल्याकडे गाजलं, सीतारामन नारायणन. मंद कॉम्प्युटरवर फोटोशॉप उघडायला एवढा वेळ लागायचा की ती यादी वाचण्यावाचून गत्यंतर नसायचं. आमच्या काकांना हे नाव तोंडपाठ आहे. म्हणाले, “भेट कधीच नाही, पण रोज सकाळी कामाला सुरुवात त्यांच्या दर्शनानेच.” एका नावाने काय होतं ते बघा. कॅलिफोर्नियात लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये इथल्या डी.टी.पी.वाल्याला आपलं माणूस सापडलं.

कामाचा विनोद

सगळ्या गमती नुसत्या टवाळ नसतात. जुन्या मॅकवर प्रिंट काढण्याआधी ‘पेज सेटअप’मध्ये एक प्राणी दिसायचा. धड कुत्रा नाही, धड गाय नाही, म्हणून नाव ‘डॉगकाउ’. तो मुळात सुसान केअर यांनी केलेल्या ‘कैरो’ या चित्रांच्या फॉन्टमधला. पुढे त्याला ‘क्लॅरस’ हे नाव मिळालं आणि ‘मूफ’ असा आवाजही, म्हणजे अर्धं हंबरणं, अर्धं भुंकणं. पण तिथे तो होता कशाला? पान आडवं की उभं, सुलटं की आरशातल्यासारखं उलटं, काळ्याचं पांढरं झालं का, हे एका नजरेत कळायला. चौकोन उलटा केला तर कळत नाही, जनावर उलटं झालं की लगेच कळतं. गंमत आणि काम दोन्ही एकाच चित्रात. २०२२ मध्ये ॲपलने त्याला मॅकच्या पेज सेटअपमध्ये परतही आणलं.

असाच एक विनोद लिनक्समध्ये आहे. प्रिंटर म्हणतो, मला त्रास होतोय. कागद संपलाय का? नाही. बंद आहे का? नाही. मग नेमकं झालंय काय? अशा वेळी लिनक्सचा ड्रायव्हर संदेश देतो, प्रिंटरला आग लागली आहे. शक्यता संपल्या की उरेल ते सांगायचं. व्हायवामध्ये आपणही हेच करतो.

प्रोजेक्ट रिपोर्ट लाटेकमध्ये करणाऱ्यांना त्याच्या पोटातलं टेक माहीत असेल. डोनाल्ड क्नुथ यांच्या पुस्तकाची प्रूफं १९७७ मध्ये इतकी कुरूप आली की त्यांनी पानं जुळवणारं सॉफ्टवेअर स्वतःच लिहायला घेतलं. त्याच्या आवृत्तीचा आकडा दर वेळी पायच्या एक अंक जवळ जातो. २०२१ पासून तो ३.१४१५९२६५३ आहे. क्नुथ यांच्यानंतर तो कायमचा पाय होणार आणि उरलेल्या चुका या चुका न राहता वैशिष्ट्यं ठरणार, असं त्यांनीच सांगून ठेवलंय. अडचणीत फार मदत मागितली तर टेक सुचवतं, एखाद्या माणसाला विचारून बघा.

चूक दाखवणाऱ्याला क्नुथ २ डॉलर ५६ सेंटचा चेक पाठवत. २५६ म्हणजे हेक्साडेसिमलमधले शंभर, हे इंजिनिअरना वेगळं सांगायला नको. २००८ पासून हे चेक ‘बँक ऑफ सान सेरिफ’चे असतात. सान सेरिफ हा देश नकाशात शोधू नका. १ एप्रिल १९७७ ला गार्डियन या ब्रिटिश वृत्तपत्राने सात पानी पुरवणी काढून वाचकांना एप्रिल फूल केलं होतं, त्यातला हा देश. बेटांचा आकार अर्धविरामाचा, राजधानी बोडोनी. सगळी नावं छपाईच्या धंद्यातली.

कुठे थांबायचं

हल्ली अशा गमती कमी झाल्यात. मायक्रोसॉफ्टच्या एक्सेल ९७ मध्ये तर विमान उडवायचा अख्खा खेळ लपवला होता. पण २००२ पासून त्या कंपनीने सुरक्षिततेवर भर दिला आणि लपवलेल्या गोष्टी बंद झाल्या. मुद्दा रास्त आहे. कागदपत्रात नसलेला कोड कुणी तपासलेला नसतो, आणि गिऱ्हाइकाला आपल्या मशीनवर नेमकं काय चालतंय ते कळायलाच हवं.

छपाईत आणखी एक नियम आहे. आतली गंमत कागदावर उतरता कामा नये. मजकूर आलेला नसताना पान कसं दिसेल ते बघायला चौकटीत खोटा मजकूर भरतात. ‘लोरेम इप्सम’ तुम्ही पाहिलं असेल. सिसेरोच्या इसवी सनापूर्वी ४५ मधल्या लॅटिन ग्रंथाची ती मोडतोड आहे, आणि पेजमेकरमुळे ती घरोघरी पोचली. क्वार्कमध्ये तर ‘स्टार ट्रेक’मधल्या क्लिंगॉन भाषेतला मजकूरही भरता यायचा. हे सगळं लॅटिनमध्ये किंवा क्लिंगॉनमध्ये का? कारण ते खरं वाटता कामा नये. प्रूफ वाचणाऱ्याची नजर तिथे अडखळलीच पाहिजे.

हे मला माहीत असतं तर बरं झालं असतं. दोन वर्षांपूर्वी मी एफ.ई.ला असताना अंकाची प्रूफं वाचत होते. एक पान निवृत्त कर्मचाऱ्यांचं होतं. लॅबमधले मामा तीस वर्षांनी निवृत्त झाले होते. फोटो होता, पण नाव कुणालाच माहीत नव्हतं. सगळे मामाच म्हणायचे. आमच्यातल्या कुणीतरी फोटोखाली टाइप करून ठेवलं, “नाव विचारून टाकणे.” चांगलं शुद्ध मराठी वाक्य. बाकीच्या ओळींसारखंच दिसणारं. शेवटचं प्रूफ मी वाचलं आणि ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आहेत म्हणून पुढे गेले.

अंक तसाच छापून आला.

मामा अंक घ्यायला मुद्दाम कॉलेजात आले होते. त्यांनी पान उघडलं, बराच वेळ बघितलं. मला म्हणाले, “फोटो चांगला आलाय.” आणि घरी न्यायला दोन प्रती मागून घेतल्या.

रॉबिनेटची गुप्त खोली वाचताना मला मामा आठवले ते यामुळे. प्रोग्रॅमरला निदान स्वतःचं नाव लपवून तरी ठेवता येतं. लॅबमध्ये तीस वर्षं सोल्डरिंगच्या गन देणाऱ्या माणसाला तेही करता येत नाही. त्याचं नाव दुसऱ्या कुणीतरी विचारायला लागतं.

गेल्या आठवड्यात काकांच्या कॉम्प्युटरवर आपल्या अंकाचं फोल्डर दिसलं. नाव होतं ‘कुंभकर्ण’. मी विचारलं, “हे काय काका?” ते म्हणाले, “दिवाळीत मॅटर देतो म्हणता आणि संक्रांतीनंतर जागे होता. मग दुसरं काय नाव ठेवू?” म्हणजे आपल्या अंकालाही सांकेतिक नाव आहे, आणि ते मिळवायला आपण फार कष्ट घेतलेले नाहीत.

या लेखातले ऱ्हस्व-दीर्घही काकांनीच सुधारलेत. “तुमचं नाव अंकात टाकू का?” म्हटल्यावर आधी म्हणाले, “आमचं कशाला?” मग पान बंद करता करता हळूच म्हणाले, “आडनाव नीट लिहा, लोक नेहमी चुकवतात.”

शेवटचं पान उघडून बघा. तळाशी दोन नावं आहेत. एक काकांचं. दुसरं मामांचं. या वेळी विचारून टाकलंय.

टी. ई. (संगणक), लेडीज हॉस्टेल